वेटिंग शून्य

आमच्या गोंदियाच्या दवाखान्याचे टेक्नॉलॉजी-प्रमुख पटलेसाहेब शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही ईमेल करत, आणि तो वाचेपर्यंत त्याच्याकडे बघत बसत. आवाजाचा त्यांना भारी तिटकारा. "सिस्टर, हा आठवडी बाजार आहे का?" हे त्यांचं आवडतं वाक्य.

मी डोळ्यांच्या ओपीडीत नर्स. पूर्वी आम्ही पेशंटला नावानं हाक मारायचो. साहेबांनी हाका बंद करून भिंतीवर स्क्रीन लावला. त्यावर नंबर येणार, पेशंटनं तो वाचून उठायचं. मोतीबिंदूच्या पेशंटनं! मी तोंडावर सांगितलं, तर म्हणाले, "डेटा बघा, सिस्टर." नंबर येऊनही कोणी उठलं नाही, की मशीन त्याला आपोआप गाळायचं. त्यामुळे वेटिंग कायम शून्य. मालकांनी साहेबांना शाल दिली. चिचगडहून बस बदलत आलेली माणसं तशीच परत जात. मी लपूनछपून हाका मारल्या, तर मला मेमो मिळाला.

नागपूरचे सर्जन फक्त बुधवारी येत. अशाच एका बुधवारी मी ड्रेसिंग आटोपून बाहेर आले, तेव्हा सर्जन निघून गेले होते. बाकावर एक म्हातारा स्क्रीनकडे तोंड करून बसलेला.

"बाबाजी, कोणाची वाट पाहता?"

"बलावतीन म्हणून सकाळपासून बसून राहिलो, बाई. तिरोड्याहून आलो. इथं पटले साहेब हायेत ना, तो माहा पोरगा."

मला आसुरी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तडक साहेबांना घेऊन आले. "वेटिंग तर शून्य दाखवतंय," म्हणत ते टॅबलेटमध्ये बघतच आले. मग त्यांनी बाकाकडे पाहिलं.

"बाबा? हाक काऊन नाही मारली? मी इथूनच तर जाऊन राहिलो होतो."

"मालूम हाय ना. तुह्या पायाचा आवाज वळखतो मी. पण तुह्यासंगं मोठे लोक होते. कायले हाक मारू? तुले आवडत नाही."

साहेब त्यांच्याजवळ बसले. माझा आनंद कुठल्या कुठे गेला.

म्हाताऱ्यानं हात पुढे केला आणि पोराचा चेहरा चाचपला. कपाळ, डोळे, गाल. बराच वेळ.

"किती वाळला गा तू," तो म्हणाला. "टायमावर जेवून नाही राहिला का?"