चौथ्या खोलीतला पेशंट

रसेल पाव्हलिक गेली बारा वर्षं आजारी पडून पोट भरत होता. नाटकाची पदवी घेऊन तो न्यूयॉर्कला गेला, तिथं साबणाच्या दोन जाहिराती आणि एका नाटकातलं प्रेत एवढी कारकीर्द करून ओहायोला परतला आणि गावच्या मेडिकल कॉलेजात पेशंटचं काम करू लागला. पलंगावर बसायचं, नेमून दिलेला आजार अंगात आणायचा आणि शिकाऊ डॉक्टरांनी पोट दाबलं की योग्य जागी कण्हायचं. त्याचं अपेंडिक्स एकदा इतकं हुबेहूब दुखलं, की एका विद्यार्थिनीनं खरी अँब्युलन्स बोलावली होती.

त्या पलंगावर बसूनच त्याच्या डोक्यात भलतं खूळ शिरलं. "नोरीन, ज्यांना माझं यकृत कुठल्या बाजूला आहे ते मला खुणेनं दाखवावं लागतं, ती पोरं डॉक्टर होतात," तो एकदा जेवताना बायकोला म्हणाला. "मग मी का नाही?"

"कारण तुला शाळेत असल्यापासून विज्ञानाचं वावडं आहे," नोरीन म्हणाली आणि तिनं त्याच्या ताटात आणखी थोडा कोबी वाढला.

पण रसेल हट्टाला पेटला होता. अर्ध्या वयाच्या मुलांबरोबर तो संध्याकाळच्या वर्गाला बसू लागला. पहिल्या दिवशी मुलं त्याला प्राध्यापक समजून उठून उभी राहिली, आणि पहिल्या परीक्षेनंतर कुणीच उठेना. सेंद्रिय रसायनशास्त्रात तो एकदा साफ आपटला, दुसऱ्यांदा कसाबसा तरला. जेवणाच्या टेबलाशी चौथ्या खुर्चीवर प्लास्टिकचा सांगाडा येऊन बसला. एवढं करून कॉलेजांमागून कॉलेजांनी त्याला नकार दिला. मुलाखतीला बोलावलं ते फक्त एकानं, त्याच्या स्वतःच्याच कॉलेजनं.

"हे शेवटचं," नोरीननं टायची गाठ आवळत बजावलं. दातांच्या दवाखान्यात ती दोन दोन पाळ्या करून घर ओढत होती. "या खेपेला नाही झालं, तर सांगाडा बाहेर आणि नवरा घरात. विद्यार्थी पोसून माझा जीव मेटाकुटीला आलाय रे."

रसेलनं मान डोलावली. तिचं बरोबर होतं.

मुलाखतीच्या सकाळी बर्फ मरणाचं पडत होतं. या मुलाखतीची तऱ्हा अशी असते, की ओळीनं खोल्या असतात, घंटा झाली की उमेदवार एका खोलीतून दुसरीत जातो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा नवा कस लागतो. चौथ्या खोलीत नकली पेशंट असतो. त्याच्यावर उपचार करायचे नसतात, नुसती सहानुभूती दाखवायची असते. काळ्या काचेमागे बसून डॉक्टर हॅलोरन नावाच्या परीक्षक बाई ती सहानुभूती मोजतात. पेशंटनं काही झालं तरी आपली भूमिका सोडायची नाही असा दंडक असतो, आणि तो उमेदवारांनाही आधीच सांगून ठेवलेला असतो.

उमेदवारांची आपसात आणखी एक पक्की समजूत असते. त्या दिवशी सगळेच गुण देत असतात. दारातला पहारेकरी, कॉफी ओतणारी बाई, लिफ्टमध्ये हातमोजा पाडणारा म्हातारा, कुणाचाही भरवसा धरता येत नाही. रसेल आत शिरला तो या सगळ्यांकडे पाहून हसतच.

"आलास बाबा एकदाचा!" नकली पेशंटांचं खातं सांभाळणारी बर्निस त्याच्यावर झडप घालत म्हणाली. "आजचा पेशंट गॅरी, त्याची गाडी बर्फात रुतलीय. चौथी खोली, पोटदुखी, घाबरलेला माणूस. आणि हा सूट कसला घातलायस? काढ आधी."

"बर्निस, मी आज वेगळ्या कामासाठी..." रसेल चाचरला. अर्ज केल्याचं त्यानं लाजेपोटी तिच्यापासून लपवून ठेवलं होतं.

"बारा वर्षांत पहिल्यांदा नाही म्हणणार आहेस का तू मला?"

रसेलच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हीच परीक्षा! अडलेल्याला उमेदवार मदत करतो का, ते बघताहेत. त्याचा नंबर दुसऱ्या घंटेला होता, म्हणजे एका उमेदवारापुरता पेशंट सहज उरकला असता. त्यानं हसतमुखानं कपडे उतरवले आणि पाठीमागून उघडा असलेला तो कागदासारखा गाऊन चढवला. बर्निसनं त्याचा सूट कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून ती फावडं घेऊन गॅरीला उकरून काढायला निघून गेली.

पहिल्या मुलीसमोर रसेल इमानेइतबारे कण्हला. घंटा झाली, पण बर्निसचा पत्ता नव्हता. दारातून ग्रँट नावाचा गोरागोमटा मुलगा आत आला.

"मित्रा, नीट ऐक," रसेल घाईघाईनं म्हणाला. "मी पेशंट नाहीये. मीसुद्धा उमेदवारच आहे. माझी मुलाखत आत्ता सुरू झालीय."

ग्रँटचे डोळे चमकले. प्रश्न अवघड आलाय हे त्यानं ओळखलं. त्यानं खुर्ची जवळ ओढली, मान किंचित कलती केली. "म्हणजे तुम्हाला उमेदवार असल्यासारखं वाटतंय."

"वाटत नाहीये. आहे!"

"तुमचा राग मी समजू शकतो."

"मला राग नाही आलाय, मला पँट हवीय!"

"पँट तुमच्यासाठी खूप महत्त्वाची आहे," ग्रँट हळुवारपणे म्हणाला, "हे मला जाणवतंय."

रसेल उठून दाराकडे निघाला, तसा ग्रँट आडवा आला. "काका, प्लीज जाऊ नका. पेशंट उठून गेला तर माझं वाटोळं होईल." मग त्यानं आपल्या आजीच्या शेवटच्या आजारपणाची गोष्ट सांगितली. ती त्यानं इतक्या ठिकाणी सांगितली होती, की रडायची जागासुद्धा ठरलेली होती. घंटा होईपर्यंत रसेलच त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.

तिसरी आलेली उमेदवार मुलगी होती, तिनं त्याचे दोन्ही हात धरले आणि त्याला दीर्घ श्वास घ्यायला लावले. नेमका तेव्हाच बाहेरच्या कर्ण्यातून आवाज आला, "उमेदवार पाव्हलिक, कुठं असाल तिथून ताबडतोब या."

"ऐकलंस? तो मीच!" रसेल ओरडला.

मुलीचा चेहरा गंभीर झाला. "तुम्हाला आवाजही ऐकू येतात का?"

चौथ्यानं घरी बोलायला कुणी आहे का विचारलं. पाचवा आला तेव्हा रसेल दोन्ही मुठींनी काळी काच बडवत होता. "डॉक्टर हॅलोरन! मी रसेल! बाहेर या हो!"

"तिथं कुणी नाहीये," पाचवा त्याला खांद्याला धरून पलंगाकडे नेत म्हणाला. "तो नुसता आरसा आहे. आपण दोघं मिळून यातून बाहेर पडू, हं?"

काचेमागे डॉक्टर हॅलोरनबाई खाली मान घालून झरझर लिहीत होत्या.

जेवणाची घंटा झाली आणि त्या स्वतःच आत आल्या. नजर अजून कागदावरच होती. "अप्रतिम! इतका खरा पेशंट या खोलीत आजवर बसला नव्हता. फक्त एक सांगा, तुम्ही उभ्या केलेल्या या माणसाला डॉक्टर का व्हायचंय? तेवढं स्पष्ट होत नाही."

रसेलचं सगळं अवसान गळालं होतं. मुलाखतीसाठी घोकलेली उत्तरं त्याला एकही आठवेना. जे होतं तेच तोंडातून निघालं.

"बाई, बारा वर्षं मी इथं खोटं बोललो आणि सगळ्यांनी विश्वास ठेवला. आज पहिल्यांदा खरं सांगितलं. माझं दुःख सगळ्यांनी समजून घेतलं, पण मी काय म्हणतोय ते एकानंही ऐकलं नाही. ते ऐकणारा एखादा तरी माणूस असावा, म्हणून मला डॉक्टर व्हायचंय."

हॅलोरनबाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. "पोटातून आलं हो अगदी," त्या म्हणाल्या. "जा, जेवून घ्या आता. आणि बर्निसला सांगा, तो पाव्हलिक की कोण उमेदवार सकाळपासून बेपत्ता आहे. उगवलाच तर माझ्या खोलीत पाठवा म्हणावं, पाच मिनिटं देईन. हल्ली मुलांना जबाबदारीच राहिलेली नाही."

आता हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. रसेल गाऊन मागून गच्च धरून धावत सुटला. बोळात नखशिखांत बर्फानं भरलेली बर्निस आणि तसाच गॅरी येत होते. तिच्या हातून किल्ली हिसकावून त्यानं सूट चढवला, टाय आवळला, केसांवरून पाण्याचा हात फिरवला आणि हॅलोरनबाईंचं दार ठोठावलं.

बाईंनी सँडविच बाजूला ठेवून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण कुठंच दिसली नाही; गाऊनमधल्या माणसाचा चेहरा त्यांनी सकाळभर नीट पाहिलाच नव्हता. "बसा. उशीर का झाला?"

"एका पेशंटमुळे अडकलो होतो."

"बरं. डॉक्टर का व्हायचंय?"

नोरीनच्या दोन पाळ्या रसेलच्या डोळ्यांपुढे आल्या. खऱ्या उत्तराला दुसरं उत्तर नसतं. त्यानं तेच सांगितलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

हॅलोरनबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मिस्टर पाव्हलिक, चौथ्या खोलीतला आमचा पेशंट जेवणाच्या सुट्टीत भेटला का तुम्हाला?"

"म्हणजे... तसा भेटला म्हणायचा."

"वाटलंच मला. वाक्यं त्याची आहेत." त्या उठल्या आणि त्यांनी स्वतः दार उघडून धरलं. "राग मानू नका, पण त्याच्या तोंडून ती खरी वाटत होती."