तीन खळग्यांची मोहोर

श्रीशारदा लेखणीवरी बैसो, ऐकणारांचे मन निवांत असो. शके सोळाशे वीस, बहुधान्य नाम संवत्सरी, एका राज्यात डोंगराचे पाठीवरी थोर तलाव होता, त्यास सहा मोऱ्या होत्या आणि खाली तीन नद्यांचा संगम होता, म्हणोन मोऱ्या किती उघडाव्या हे राजधानीतून ठरत असे. हुकूम नगाऱ्यावरी जात असे. डोंगरोडोंगरी चौक्या होत्या, एकाने वाजवावे, दुसऱ्याने ऐकोन तैसेच पुढे वाजवावे, आणि शेवटची चौकी तलावाचे बांधावरी, तेथे चिमाबाई गुरवीण राहात होती. नवरा वारल्यावरी चौकी तिनेच राखिली होती. झोपडी हातभर, त्यात एक नगारा, एक चूल, एक घोंगडी. अक्षर येत नव्हते, परंतु तालाचे मोजमाप असे की शंभर टोल्यांत एक चुकला तरी तिचे कानास खटकावे.

ऐशियास श्रावणमासी गनिमाने कपट केले. त्याचा माणूस रानात लपोन आमचे नगाऱ्याचे बोल शिकला, आणि एके सकाळी समोरचे टेकाडावरून "सर्व मोऱ्या उघडा" ऐसे वाजविले. चिमाबाईने ऐकिले ते बांधावरील माणसांस सांगितले, त्यांनी मोऱ्या उघडिल्या, आणि खालचे गावची भातखाचरे वाहोन गेली. माणसे टेकडीवरी चढली म्हणोन वाचली. बोल कोणी ठेविला नाही, तरी बाईचे मनास फार लागले. मग ती तीन दिवस पायी चालोन राजधानीस गेली आणि चिटणीस रंगोपंत यांस भेटली. पंत गुप्त लिपीचे मोठे जाणते. त्यांची लिपी अशी की फडताळभर कोष्टके लागत, चार कारकून बसत आणि एका पत्रास अर्धा दिवस जाई. त्यांनी बाईची हकिकत ऐकिली, कळवळले, आणि कोष्टके निम्मी करोन देऊ म्हणाले. बाईने फडताळाकडे पाहिले आणि हात जोडिले.

"पंत, विद्या थोर आहे, पण माझे झोपडीत मावत नाही. मावेल ऐसे काही द्या."

पंतांस प्रथम राग आला, मग हसू आले, मग विचार पडला. दोघे ओसरीवरी बसली आणि दुपार कलेपर्यंत उठली नाहीत. बाईने लाकडी फळी मागितली, तीवर सोळा खळगे कोरविले आणि त्यांत नदीचे खडे घातिले. आरंभी कोठे किती खडे, हे महाराज, पंत आणि चिमाबाई यांजवाचून चवथ्यास कळू नये. दर बोलास नेमलेल्या खळग्यातील खडे उचलोन पुढील खळग्यांत एकेक पेरीत जावे, आणि बोल वाजविताना त्याचे टोल्यांत खड्यांची संख्या मिळवावी, तेणे चोरास अर्थ लागू नये. हुकूम संपला म्हणजे शेवटल्या तीन खळग्यांत जितके खडे उरतील तितके टोले थांबोन थांबोन वाजवावे, तीच मोहोर. ऐकणाराने आपले फळीवरी तैसेच करोन ताडून पाहावे. मधला एक टोला कोणी फिरविला तरी खडे भलतीकडे जातात आणि मोहोर जुळत नाही. पंतांनी आपले सात कारकून बसविले आणि खोटी मोहोर करा ऐसी आज्ञा केली. नऊ दिवस झटले, कोणास साधिले नाही. दहावे दिवशी एका थोराड कारकुनाने काही न करिता कालचाच हुकूम मोहोरेसहित जसाचा तसा वाजविला, आणि तो फळीवरी खरा ठरला. पंतांचा चेहरा उतरला. चिमाबाई मात्र त्या कारकुनावरी खूष जाहली, म्हणाली की हे इथेच कळले हे आपले भाग्य. मग तिने ठरविले की प्रत्येक हुकुमास अनुक्रम असावा, आणि जितकावा हुकूम तितके जादा खडे आधी पेरोन मग आरंभ करावा. तेणेकरून कालचा हुकूम आज शिळा होतो. मग तैसीच एक फळी घेऊन ती बांधावरी परतली.

भाद्रपदात मोठा पाऊस जाहला. पाणी बांधाचे काठास एक हात राहिले. बांधाचे नाईक हैबतराव माणसे घेऊन मोऱ्यांवरी उभे होते, इतक्यात टेकाडावरून नगारा वाजला. चिमाबाईने फळी मांडिली, खडे पेरिले, मोहोर ताडिली आणि मान हलविली. मोहोर आजची नव्हे, मागे नद्या उतरल्या असता सहाही मोऱ्या उघडण्याचा जो हुकूम आला होता, त्याची होती. नाईकांनी पाण्याकडे बोट दाखविले.

"बाई, हुकूम खरा असला तर?"

"तर बांध फुटेल. मी बांधावरच बसते, नाईक. पण हा महाराजांचा नव्हे."

ऐसे बोलोन ती खरेच बांधावरी जाऊन बसली, नगारा पुढे घेतला आणि राजधानीस विचारणा वाजविली. ताल एकदाही चुकला नाही. नाईक उभे राहिले, मग तेही शेजारी बसले. पाणी चार बोटे चढले. मग डोंगरोडोंगरी नगारे बोलत आले, आणि बाईने खडे पेरिले, पहिला खळगा जुळला, दुसरा जुळला, तिसरा जुळला. हुकूम दोन मोऱ्यांचा होता. दोन उघडिल्या, पाणी शिस्तीने उतरले आणि खाली शेताचा एक बांधही ढासळला नाही. नाईकांचे माणसांनी टेकाडावरील गनिमाचा नगारेवाला जिवंत धरिला. त्याने सहा उघडविल्या असत्या तर संगमाची चौदा गावे जाती. बांधावरी माणसे नाचली, चिमाबाईने त्यांस ताल धरिला, आणि हैबतराव नाईकही नाचले, ते कोणी पूर्वी पाहिले नव्हते.

महाराजांनी बाईस दरबारी बोलाविले आणि काय हवे ते मागा म्हणाले. तिने सर्व चौक्यांस ऐशा फळ्या द्याव्या, दर चौकीचे खडे निराळे असावे, आणि शिकविणे आपणाकडे असावे ऐसे मागितले. मान्य जाहले. पहिले शिष्य रंगोपंतच. ते बांधावरील झोपडीत मांडी घालोन बसले, ताल चुकला की बाई टिचकी वाजवी आणि पंत पुन्हा आरंभ करीत, आणि दोघेही हसत.

येणेप्रमाणे सोळा खळगे आणि ओंजळभर खडे यांनी चौदा गावे राखिली. त्या वर्षी संगमावरी भात उत्तम पिकले. जे घडले ते लिहिले.