बिननावाच्या सॉफ्टवेअरचं बारसं

फुकट मिळालेल्या वस्तूवर माणसाचा विश्वास बसत नाही. सल्ला फुकट मिळतो, म्हणून तो कोणी घेत नाही. तोच सल्ला नागपूरला जाऊन, फी भरून घेतला की माणूस चार घरी सांगत फिरतो.

सिहोऱ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यातलं सॉफ्टवेअर असंच फुकटचं होतं. (दवाखान्याचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना अजून नोकरी करायची आहे.) रुग्णांची सगळी माहिती त्यात राही. त्याचा कोड कोणीही उघडावा, गरजेप्रमाणे बदलावा, कोणी रुपया मागत नसे. दामिनी सिस्टरनं ऑपरेटर धर्मेंद्रच्या मागे हात धुऊन लागून एक बदल करून घेतला होता: ज्याला सिकलसेल, त्याच्या नावापुढे लाल चौकोन. हा रक्ताचा आजार इकडे पुष्कळ घरांत. डॉक्टर बदलून येत, बदलून जात. चौकोन तेवढा जागेवर असे. तो बघून नवा डॉक्टर सावध होई, अंगदुखीला नुसती गोळी देऊन घरी पाठवत नसे. सिस्टरचा त्या चौकोनावर फार जीव.

पण सॉफ्टवेअरला नाव नव्हतं! रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत ही गोष्ट उघडकीस आली आणि चहा तसाच थंड झाला. अध्यक्ष भैय्यालालजी कोशाच्या रेशमी कापडाचे व्यापारी. "बिनछापाचं कापड गिऱ्हाईक हातात घेत नाही," ते म्हणाले, "अन् आपण बिनछापाच्या यंत्रावर माणसं सोपवून राहिलो." बरोबरच आहे. सॉफ्टवेअर चालतं की नाही हे नंतर बघता येतं.

मग रीतसर बारसं झालं. 'आरोग्यवैनगंगा' हे नाव बहुमतानं ठरलं. बोधचिन्हात धानाची लोंबी आली, पाणी भरायचा पितळेचा गुंड आला, नवेगावचा तलावही आला. (आपला जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा तलाव तिकडे गेल्याचं लक्षात आल्यावर तो पुसण्यात आला.) एवढं सगळं बसवायचं तर पडद्यावर जागा लागणारच. ती चौकोनाच्या जागी निघाली.

शिवाय नावाबरोबर सरकारी प्रमाणपत्रही घ्यायचं ठरलं, आणि त्याचा नियम कडक होता. कोड बदलायची पूर्ण मुभा. फक्त बदललेल्या सॉफ्टवेअरला ते नाव नाही आणि प्रमाणपत्रही नाही. चौकोन गेला. दामिनी सिस्टरनं हरकत घेतली, ती इतिवृत्तात नोंदवण्यात आली. (हरकतीचा याहून मोठा सन्मान शासनात नाही.)

तपासणी पथकानं 'नमुना रुग्ण' नावाचा इसम दाखल करून सॉफ्टवेअर तपासलं. त्याला कोणताच आजार नव्हता, त्यामुळे एकही चूक निघाली नाही. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले. दोन पडद्यावरच्या धुळीपायी गेले.

ऐन धानाच्या रोवणीत नाकाडोंगरीचा मंगरू आपल्या रीनाला खांद्यावर घेऊन आला. पोर हातपाय आखडून कण्हत होती. डॉक्टर नवा. रोवणीत अख्खा तालुका अंगदुखीची गोळी मागतो, हे त्याला येताच कोणीतरी सांगितलं होतं. त्यानं गोळी लिहिली.

"साहेब, पोरीले सिकल आहे जी," मंगरू म्हणाला.

डॉक्टरनं पडदा पाहिला. लोंबी होती, गुंड होता, सिकल नव्हतं. प्रमाणित सॉफ्टवेअरमध्ये तसं काही दिसत नाही, असं तो नम्रपणे म्हणाला. (मंगरू पोरीचा बाप होता, पण प्रमाणित नव्हता.)

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. औषधांच्या खोलीत धर्मेंद्रनं जुन्या संगणकावर जुनंच सॉफ्टवेअर गुपचूप चालू ठेवलं होतं. तिनं डॉक्टरला अक्षरशः ओढत तिथं नेलं. रीनाच्या नावापुढे लाल चौकोन.

"हे प्रमाणित आहे का?" डॉक्टरनं विचारलं.

"नाही सर. पण पोरगी याच्यातच बिमार आहे."

डॉक्टर सलाईन लावायला धावला.

समितीची तातडीची बैठक बसली. दवाखान्यात बिननावाचं सॉफ्टवेअर सापडलं, म्हणजे प्रमाणपत्र जाणार, आणि त्याआधी सिस्टर जाणार. नोटीस टाईपही झाली होती. पण भैय्यालालजी शेवटी धंद्यातले माणूस. औषधांची खोली कागदोपत्री अडगळ ठरवली की ती दवाखान्यात मोजली जात नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. नोटीस फाडण्यात आली. प्रमाणपत्र चौकटीत बसवून दारावर लागलं, आणि डॉक्टर आता रुग्णागणिक एकदा अडगळीत जाऊन येतो.

वाचून तुमचाही जीव भांड्यात पडला असेल. सिस्टरची नोकरी राहिली, समितीची अब्रू राहिली, प्रमाणपत्रही राहिलं. रीना बरी होऊन शाळेत जाऊ लागली. तुम्ही काही विचारलं नाहीत, म्हणून आपलं सांगून ठेवलं.