एक खाट शिल्लक

डोक्याला मार लागून ज्यांना काही आठवत नाही आणि ज्यांना राहायला घरही नाही, अशांसाठी आमच्या कार्यालयाने निवारा काढला आहे. दहा खाटा, मऊ गाद्या आणि वेळेवर गोळी देणारी नर्स. नऊ खाटा भरल्या होत्या. दहावी चुकून गरजूच्या हाती लागू नये, म्हणजे अपात्र गरजूच्या, म्हणून मी खिडकी क्रमांक तीनवर डोळ्यांत तेल घालून बसलो होतो.

सोमवारी चहावाल्या मावशी पेंटरला हाताला धरून घेऊन आल्या. पेंटर वर्षापूर्वी शिडीवरून डोक्यावर पडला. तेव्हापासून सगळं विसरतो. आधी काम गेलं, मग खोली गेली, आता बसथांब्याच्या बाकावर झोपतो.

“साहेब, ती खाट ह्याला द्या. गोळी विसरला की फीट येते, आणि बाकावरून पडला की परत डोक्यालाच लागतं. आता पडला तर उठायचा नाही हो!”

“मावशी, खाट द्यायलाच तर बसलोय. पण अर्जदाराने स्वतः बोलायचं. हं, कधी पडलात?”

“मी पडलो होतो?” पेंटरने मोठ्या कुतूहलाने मावशींकडे पाहिलं.

‘अपघाताबाबत अर्जदार स्वतः साशंक,’ मी नोंद केली. “कायमचा पत्ता?”

“तो असता तर इथे कशाला आलो असतो?” मावशी म्हणाल्या.

“मग तपासणीचं पत्र पाठवायचं कुठे? बरं, तोंडी सांगतो. गुरुवारी, अकरा वाजून दहा मिनिटं. एकट्याने यायचं. सोबत कुणी असलं की विसरभोळेपणा नीट तपासता येत नाही.”

गुरुवारी अकरा दहाला पेंटर हजर! डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, लाल रंगात रंगवलं होतं: गुरुवार, अकरा दहा, खिडकी तीन. अक्षरांना निळी सावलीसुद्धा दिली होती. आमचे डॉक्टर अक्षरावर खूश झाले आणि त्यांनी शेरा मारला: ‘वार, वेळ व खिडकी अचूक. स्मृतिदोष नाही. अपात्र.’

मावशी तरातरा आल्या. “आणि आला नसता तर?”

“गैरहजर म्हणून अपात्र. आमच्याकडे पक्षपात चालत नाही.”

“अहो, निदान पडला हे तरी माना!”

“मानू की. प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार आणा, लगेच फेरतपासणी करतो.”

“आणायचा कशाला? तुम्हीच की! ह्याच कार्यालयाची पाटी रंगवताना पडला तो. तुम्ही ह्याच खिडकीत होतात. माझाच चहा होता तुमच्या हातात!”

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. पाहिलं म्हणावं, तर शिडी कुणाची हे निघणार. शिडी कार्यालयाची होती, एक पायरी मोडकी होती आणि ‘सुस्थितीत’ या शेऱ्याखाली सही माझी होती.

“मला काहीच आठवत नाही,” मी म्हणालो.

“काहीच नाही?” डॉक्टरांनी पेन काढलं. “शिडी?”

“कसली शिडी?”

“चहा?”

“मी चहा घेतो?”

डॉक्टरांनी तिथल्या तिथे नवा अर्ज भरला. स्मृतिदोष: तीव्र. कायमचा पत्ता: आहे. हजेरी: बावीस वर्षं वेळेवर. असा सर्व बाजूंनी पात्र अर्जदार कार्यालयाच्या इतिहासात पहिलाच, म्हणून दहावी खाट मला मिळाली. घर नसण्याची अट कुणाच्या लक्षात राहिली नाही.

खाटेवरची पाटी पेंटरनेच रंगवली. रंगवून झाल्यावर त्याने विचारलं, “कुणाची हो ही?” मावशींनी त्याला चहा पाजला, गोळी दिली आणि बाकाकडे नेलं. मला त्या दोघांचं खरंच वाईट वाटलं. जेवणानंतरची झोप मात्र इथे छान लागते.

अकरावी खाट कालच मंजूर झाली आहे. तो बसथांबा तुमच्या रोजच्या वाटेवरच आहे. आज सकाळी बाकावर कोण झोपलं होतं, आठवतंय?

नाही ना? मग या. पत्ता तर तुमच्याकडे आहेच.