महादेवप्पांच्या सुईचे डोहाळे

हे टँकरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात घडलं की तिसऱ्या, हे महादेवप्पांना आता छातीठोकपणे सांगता येत नाही. (छातीठोकपणे त्यांनी आयुष्यात काहीच सांगितलेलं नाही, तेव्हा हे फार मनावर घेऊ नये.) लातूरला नव्या जिल्ह्याची पाटी लागली होती आणि पाटीचा रंग वाळण्याआधी नळ वाळले होते, एवढं नक्की.

महादेवप्पा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. परागणावर त्यांची पीएच.डी. होती, घरात मात्र लग्नाला चौदा वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. दाढी आठवड्यातून एकदा केली तरी भागत असे, आणि भरलेली घागर उंबऱ्यापर्यंत आणताना वाटेत दोनदा टेकवावी लागे. शेवटी ते डॉक्टरकडे गेले. विचारायचं होतं मुलाचं. तोंडातून निघालं, "थकवा येतो."

डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं, पुरुषी हार्मोन कमी पडतंय म्हणाले आणि दर तीन आठवड्यांनी घ्यायचं एक तेलकट इंजेक्शन लिहून दिलं. 'पुरुषी' हा शब्द कानावर पडताच महादेवप्पांनी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देऊन टाकलं : ते वाढलं की मूल आलंच! घरी येऊन त्यांनी बायकोला, नीलम्मालाही तसंच समजावलं, फळ्यावर आकृती काढावी तसं.

दवाखान्याच्या पायरीवर एखादा विद्यार्थी भेटेल या धास्तीने त्यांनी एक लहानसा निर्णय घेतला. सुई घरीच टोचून घ्यायची. गल्लीत सुई टोचणारी एकच, कोंडाबाई सिस्टर. गल्लीतली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. महादेवप्पांनी तिला शपथ घातली, दार लावलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिसऱ्या सुईनंतर नीलम्मा टँकरवरून परतली ती भलत्याच लवकर. मागे शेजारची धुरपताबाई, नीलम्माच्या दोन्ही घागरी घेऊन.

"एवढ्या लवकर नंबर लागला?" ती गेल्यावर महादेवप्पांनी विचारलं.

"रांगंतून काढून पुढं घेतली माझी घागर. दोन जिवाची म्हणून."

"कोण?"

"मी."

महादेवप्पा खुर्चीत बसले. (खुर्ची तिथे होती, हे नशीब.)

"तू नाही म्हणाली नाहीस?"

"म्हणलं की. सिस्टर सुईचा डबा घिऊन घरात येताना बघितल्यात. कुनी ऐकंना."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः घागर घेऊन टँकरवर गेले. कोंडाबाईही हंडा घेऊन रांगेत उभी होती.

"सर, तुमी कशाला आलाव?" धुरपताबाई ओरडली. "द्या घागर इकडं. नीलाक्काची पहिली!"

"अहो, तुमचा गैरसमज होतोय. तसं काही नाही."

"तीन महिने व्हायच्या आत कोन हाव म्हनतंय? दृष्ट लागती."

"अहो, ते इंजेक्शन मी घेतो. मी!"

क्षणभर भांडी वाजायची थांबली. मग धुरपताबाईने डोळ्याला पदर लावला. "बघा गं, शिकलेला मानूस. बायकूवरची नजर आपल्या अंगावर घ्यायलाय. न्हाई तर आमचे हे!"

"सिस्टर, तुम्ही तरी सांगा," महादेवप्पा काकुळतीला आले.

"पेशंटचं मी गल्लीत बोलत न्हाई, सर. तुमीच तर शपथ घातलाव."

झालं. सगळ्या गल्लीची खात्री पटली. त्या दिवशी घागर तर भरलीच, वर डोहाळ्यांसाठी चिंचेचे आकडेही मिळाले.

"सांगितलाव?" नीलम्माने विचारलं.

"सांगितलं. आता मलाही डोहाळे लागायचे."

ती हसली, मग थांबली. "पान्याचं सोडा वो. ओटी भरायच्या टायमाला मला मागं सरकवीत होत्या. काल धुरपतानं पाट दिला. बस म्हनली."

महादेवप्पांच्या कपाळावर याच सुमारास तारुण्यपिटिका उठल्या, आवाज घोगरा झाला आणि घागर न टेकवता घरी येऊ लागली. इंजेक्शन लागू पडत होतं, यात शंका नव्हती.

पण महिने पुढे सरकले आणि पोट जागचं हललं नाही. एका दुपारी नीलम्मा आपणहून धुरपताबाईला म्हणाली, "ऱ्हायलं न्हाई गं." धुरपताबाईने तिला पोटाशी धरलं. नीलम्मा अशी रडली की दाराआड उभ्या असलेल्या महादेवप्पांना वाटलं, यातलं खोटं नेमकं कोणतं?

संध्याकाळी डोळे पुसून ती म्हणाली, "सुया सोडू नका. खोटं एकदा आलं, खरं बी येईल."

महादेवप्पांनी सुया सोडल्या नाहीत. पाऊस आला, टँकर बंद झाले, कॉलेजच्या परीक्षा पुढे गेल्या, पण तीन आठवड्यांचा नेम कधी चुकला नाही. नीलम्माची पाळी कायमची थांबली, तेव्हा कुठे कोंडाबाईचा डबा घरात यायचा थांबला.

पुढे निवृत्तीनंतर ते नांदेडला राहायला गेले. तिथे भाची डॉक्टर झाली होती. विषय सहज निघाला तेव्हा ती जे म्हणाली, त्यावर महादेवप्पांचा विश्वास बसेना. त्यांनी आणखी दोन डॉक्टरांना विचारलं आणि वाचनालयात जाऊन स्वतः वाचलंही. गोष्ट खरी निघाली. त्या इंजेक्शनाने अंगात ताकद येते, पण पुरुषाचं बीज आटतं. बाहेरच्या देशांत हेच औषध पुरुषांच्या कुटुंबनियोजनासाठी वापरून पाहिलं होतं, आणि ज्यांनी ते नेमाने घेतलं, त्यांच्या बाबतीत ते उत्तम यशस्वी ठरलं होतं.