दळवीकाकांचा गोल्फचा पडदा

आमच्या शेजारच्या दळवीकाकांनी बाहेरच्या खोलीतला पंखा काढून ठेवला होता, कारण तो गोल्फच्या आड येत होता. बदलापुरात, कुळगावातल्या आमच्या तळमजल्यावर, मे महिन्यात माणूस घामाने निथळायचा; पण पंखा लावा म्हटलं की काका म्हणायचे, "वारा काय, अंगणातही मिळतो. काठी फिरवायला जागा कुठे मिळते?"

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. काका अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर होते. कंपनीचा गोरा साहेब मायदेशी गेला तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान वाटलं गेलं. लोकांनी खुर्च्या आणि आरसे पळवले. काकांनी गोल्फची एक काठी आणि अकरा चेंडू उचलले. गोल्फचं मैदान त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी ते घरातच करायचं ठरवलं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. 'नाही' म्हणायला घरात कोणी नव्हतंच.

खोलीच्या एका टोकाला त्यांनी गोणपाट टांगलं आणि त्यावर ऑइलपेंटने हिरवळ, झेंडा आणि एक तळं काढलं. रोज संध्याकाळी साडेपाचला दुसऱ्या टोकाला पायपुसण्यावर चेंडू ठेवायचा, मारायचा आणि पडद्यावर जिथे लागेल तिथे तो पडला असं धरायचं. यात लबाडी नाही. एखाद्या दिवशी दारात तोंड पाडून उभे दिसायचे. "आज तीनदा तळ्यात गेला," म्हणायचे.

मी एकदा म्हटलं, "अहो, तळं तुम्हीच काढलंत. पुसून टाका."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "वजन कमी भरलं म्हणून काटा बदलायचा?"

गोणपाट पंधरा दिवसांत फाटलं. मग ताडपत्री आली. ती चेंडू अडवायची, पण जसा आला तसा परत धाडायची. काकांच्या दोन कपबश्या त्यात गेल्या. आणि आवाज! आमची त्यांची भिंत एकच. साडेपाच वाजले की धाड, धाड सुरू. माझी बायको त्या ठोक्यावर कुकर लावायची, ते ठीक. पण आमच्या वैशूची दहावी होती. शेवटी मी चढ्या आवाजातच म्हणालो, "काका, पोरीच्या वर्षाचा प्रश्न आहे. बंद करा हे!"

"कम्प्लेंट रास्त आहे," काका म्हणाले. "माल बदलू."

आता मलाच अपराधी वाटायला लागलं, म्हणून मी त्यांच्याबरोबर उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात गेलो. काकांनी कॅनव्हास असा चोळून, ओढून, उजेडात धरून पाहिला, की सिंधी शेठला वाटलं लग्नाचा बस्ता निघालाय. "साईं, तंबू लगाना है क्या?" त्याने विचारलं.

"नहीं, मार के देखना है," असं म्हणून काकांनी बगलेतली काठी काढली. टांगलेल्या कॅनव्हासवर चेंडू बसला तो उसळून थेट ट्यूबलाइटवर.

"अरे बाबा, कपडा लेने आया है या दुकान तोडने?"

काकांनी ट्यूब भरून दिली आणि मला हळूच म्हणाले, "कॅनव्हास रिजेक्ट."

त्यानंतर सतरंजी झाली, नायलॉन झालं, जुना गालिचा झाला. प्रत्येक नमुना टांगला की काका आमच्याकडे येणार. "मी मारतो, तुम्ही भिंतीला कान लावा." मारून पुन्हा धावत येणार. "आवाज आला?" "आला." मग बसणार, चहा घेणार, वैशूची वही चाळणार. मी घड्याळाकडे बघायचो, ते त्यांना दिसत असणार.

अखेर त्यांनी जीन्सच्या कारखान्यातल्या चिंध्या आणून बारवी धरणाकडच्या एका बाईकडून जाडजूड गोधडी शिवून घेतली आणि ती सैल टांगली. "ताणली की बोंबलते, सैल सोडली की गिळते," हा महिनाभराचा निष्कर्ष. मी भिंतीला कान लावला.

"आला?"

"नाही आला, काका."

"माल पास!" त्यांनी त्या दिवशी पेढे वाटले. तळं मात्र गोधडीवरही काढलं.

घर शांत झालं. महिनाभराने माझ्या ध्यानात आलं की काका आमच्याकडे येईनासे झालेत. यायला एक कारण होतं, ते आम्हीच मिटवलं होतं. बोलवायला हवं, असं बायको दोनदा म्हणाली. परीक्षा होऊ दे, मी म्हणालो. या वाक्याची मला आजही लाज वाटते.

मार्चमध्ये एका सकाळी आठ वाजले तरी त्यांची दुधाची पिशवी दारातच होती. हाका मारल्या, कडी तोडली. काका गोधडीसमोर पडले होते, पाय विचित्र वळलेला. आदल्या संध्याकाळी साडेपाचलाच काठी फिरवताना घसरले होते. अख्खी रात्र एका भिंतीपलीकडे होते आणि आम्हाला पत्ता नाही.

बायकोने पाणी पाजलं. गाडी येईपर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. "काका, हाक का नाही मारलीत?"

"मारणार होतो," ते पुटपुटले. "पण पोरगी मध्यरात्रीपर्यंत मोठ्याने तह पाठ करत होती, मग आवाजच फुटेना. आज इतिहास ना? तिसरं कलम विसरते ती. रोज तिथेच अडते."

मी वैशूकडे पाहिलं. दप्तर घेऊन ती दारात उभी होती, आणि तिने होकारार्थी मान हलवली. तिचा बाप असून मला ते ठाऊक नव्हतं.