नांगराची हजेरी

गुणाजी काका रोज संध्याकाळी सहा वाजता अंगणात उभे राहून शिट्टी वाजवतात आणि हजेरी घेतात. घरात हजेरी घ्यायला आहे एक कुत्रा. "नांगर!" अशी हाक मारायची, आणि तो आला की त्याच्या वतीनं "हजर" असं स्वतःच म्हणायचं. काकांचा जन्म मालवाहू बोटींवर गेला, म्हणून कुत्र्याचं नाव बोटीच्या नांगरावरून. एका जागी ठरण्याचा गुण तेवढा कुत्र्यानं घेतला नाही.

मी त्यांचा शेजारी. त्यामुळे माझ्या कुठल्याही कामाकडे बघून "बोटीर असां चलणा नाय" म्हणायचा त्यांना कायमचा हक्क आहे. मी कपडे वाळत घातले, तर दोरीची गाठ चुकली. माझं लग्न ठरलं, तर मुहूर्त ओहोटीचा निघाला.

यंदा आमची गावपळण होती. काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खा गाव घरं बंद करून वेशीबाहेरच्या माळावर तीन रात्री राहतो. गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी बरोबर. मागे गावात एकही जीव राहता कामा नये, आणि तीन दिवस कोणी आत पाऊल टाकायचं नाही.

बाकीच्यांनी झावळ्यांच्या झोपड्या घातल्या. काकांनी ताडपत्री ताणली. मी ऑनलाइन तंबू मागवला होता. 'दोन मिनिटांत उभा' असं पिशवीवर छापलेलं होतं. दीड तासानं काका आले.

"रे, ह्या घर आसा की मोडलेली छत्री?"

"काका, एक दोरी कमी पडता."

"दोरी नाय, अक्कल कमी पडता. बोटीर असां चलणा नाय."

दोरी काही दिली नाही. सुक्या बांगड्यांची माळ संपली तरी तिचं सुंभ जपून ठेवणारा हा माणूस. ते शिट्टी शोधायला गेले आणि मी हुशारीनं एक दोरी हुडकून काढली. चांगली लांब, मजबूत, खुंटाला बांधलेली. तिच्या दुसऱ्या टोकाला नांगर होता.

तंबू उभा राहिला. नांगर वेस ओलांडून थेट गावात पळाला.

सहा वाजता शिट्टी झाली. हाक झाली. "हजर" कोणी म्हटलं नाही. मग काकांना माझ्या तंबूच्या दोरीवर स्वतःची गाठ दिसली.

"मेल्या, माझो कुत्रो सोडून ह्यो फुगो बांधलंस?"

माळभर बोंब झाली. पलीकडच्या झोपडीतून सुमती काकी कडाडल्या, "गुणाजी, तुझ्या कुत्र्यापायी गावाची पळण बाटतली! सकाळपर्यंत भायर इलो नाय तर देवाक काय सांगतलंस?"

"मी जातंय आत, घेवन येतंय," मी म्हणालो.

"थांब!" काकांनी अडवलं. "नेम तो नेम. आत एक जनावर आसा ता पुरे, दुसरा कित्याक?"

मग वेशीच्या दगडाशी उभे राहून काका शिट्टी वाजवत राहिले, आणि बॅटरी धरायला मी. एक शिट्टी, मला एक शिवी, परत शिट्टी. दंवानं माझे दात वाजायला लागले तर म्हणतात, "बॅटरी हलवू नको. दीपस्तंभ कधी हलता?" मला तर वाटलं, ह्या म्हाताऱ्यालाच खुंटाला बांधावं आणि झोपायला जावं.

"खंय गेलो ता माका ठावक आसा," मध्येच ते पुटपुटले. "दारात बसलो आसतलो."

"दारात काय आसा?"

उत्तरादाखल शिट्टी.

उजाडताना नांगर आला. रमतगमत, तोंडात सुंभ चघळत. सुंभ बांगड्याचं होतं आणि त्याला एक पुठ्ठा लोंबत होता. सुमती काकींनी आधी कुत्र्याला शिव्या घातल्या, मग भाकरी घातली. काकांनी त्याचे दोन्ही कान धरले. "हजर," म्हणाले, पण अगदी हळू.

पुठ्ठा मी उचलला. कोळशानं लिहिलं होतं:

'बाबू, आमी माळार आसंव. वेशीच्या वाटेन सरळ ये. कुत्रो तुका वळखणा नाय. भुकता, पण चावणा नाय. नाव नांगर.'

बाबू काकांचा मुलगा, मुंबईला असतो. काकांची बायको वारली तेव्हा बाराव्याच्या दिवशी बापाशी भांडून गेला, तो सहा वर्षांत फिरकलेला नाही. नांगर चार वर्षांचा.

मी शिवीची वाट बघत होतो. काकांनी पुठ्ठा हातात घेतला, उलटा करून बघितला.

"आता दारार कायच नाय रे," एवढंच म्हणाले. आणि अजून दोन दिवस कोणाला आत जाता येणार नव्हतं.

चहा झाल्यावर ते ताडपत्री सोडायला लागले.

"खंय चललात?"

"रस्त्याकडेक. थंय वारो बरो आसा."

तिथून कुडाळची एसटी वळताना दिसते. वाऱ्याचं म्हणाल तर झाडाचं पान हलत नव्हतं.

मीही तंबू मोडला. त्याला मात्र खरोखरच दोन मिनिटं लागली. काकांची दोरी नांगराच्या गळ्यात परत बांधली, सामान रस्त्याकडेला ओढत नेलं, आणि तंबूला बांगड्याचं चघळलेलं सुंभ लावून पुन्हा सगळ्या गाठी मारायला बसलो. एकूण एक चुकल्या. मी मुद्दाम मोठ्यानं विचारलंसुद्धा, "काका, गाठ बरोबर आसा मा?"

"बरी आसा," ते म्हणाले. रस्त्यावरची नजर त्यांनी काढली नव्हती.